सोड

हायड्रा क्रेन चालवणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर सगळ्यात जास्त कोणता शब्द पडतो, असं धनराजला विचारलं असतं तर त्यानं हसून एखादी शिवी सांगितली असती. खरं उत्तर मात्र साधंच आहे. 'सोड'. माल वर लटकलेला असतो, खाली जागा तयार असते आणि खालचा माणूस म्हणतो, सोड. तसा ऑपरेटर लिव्हर ढकलतो आणि माल खाली उतरतो. कन्नड बोलणारा 'बिडु' म्हणतो, दखनी बोलणारा 'छोड' म्हणतो. बिदर जिल्ह्यातल्या कुठल्याही साइटवर हे तिन्ही शब्द एकाच तोंडातून एकापाठोपाठ एक ऐकू येतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वावगं एवढंच होतं की हातात धरलेली वस्तू टाक, असं सांगायलाही तिन्ही भाषांत हाच शब्द. हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. येणार तरी कसं? रोज शंभरदा जो शब्द बोलतो, त्याचा अर्थ काढत बसायला कुणाला वेळ असतो?

हळ्ळीखेडच्या बाहेर रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. वाटेत येणाऱ्या ओढ्यांसाठी सिमेंटचे तयार चौकोन यायचे. ठेकेदाराच्या कागदावर त्यांचं नाव लांबलचक होतं, साइटवर त्यांना डबा म्हणत. डबा ट्रेलरवरून उचलायचा, रस्त्याच्या कडेला आणायचा आणि लाकडी गुटक्यांवर टेकवायचा. गुटका लागतोच, कारण डब्याखालून गेलेला पट्टा नंतर ओढून काढायला फट हवी. उचलायचं काम धनराजचं. पट्टा अडकवणं आणि गुटके लावणं हे बालाजीचं. आणि मध्ये उभं राहून दोघांना सांगायचं काम मुकादम गुरुपादय्यांचं.

बालाजी म्हणजे धनराजचा सख्खा दाजी, धाकट्या बहिणीचा, मंजुश्रीचा नवरा. हळ्ळीखेडचाच. घरचं रान होतं, पण रानात वर्षभर काम नसतं आणि बालाजीला रिकामं बसणं जमत नसे. "दाजी, आमच्यात या. सावलीत काम न्हाई, पण करमंल तुमाला," असं म्हणून धनराजनंच त्याला साइटवर आणलं होतं. बालाजी आला आणि रमलाही. डब्याला पट्टा असा घालायचा की डबा उचलल्यावर सरळ राहावा, एका अंगाला कलू नये, हे त्याला महिनाभरात जमलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तो मंजुश्रीला तेच सांगत बसायचा आणि ती म्हणायची, "आता मला डबा उचलाय लावतेल हे."

त्या दिवशी उन्हं तापली होती. डबा जमिनीपासून वीतभर वर थांबला होता. खालचा एक गुटका तिरका झाला होता. तो सरळ करायला बालाजीनं हात घातला. पायानं किंवा काठीनं सारायचा असतो तो. हे बालाजीला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळेच हात घालत होते. गुरुपादय्यांनी पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "सोड! सोड! सोड!"

गुटका सोड, असं त्यांना म्हणायचं होतं.

धनराज वर केबिनमध्ये होता. बूम, म्हणजे क्रेनचा लांब दांडा, आणि डबा यांच्यापलीकडचं त्याला काही दिसत नव्हतं, आणि गुरुपादय्या त्या घटकेला हात करायचं विसरून नुसते ओरडत होते. इंजिनाच्या घरघरीतून धनराजला तो शब्द तीनदा ऐकू आला. गुरुपादय्यांना आज जेवायची घाई झालेली दिसते, असं त्याच्या मनात आलं. त्यानं सोडलं.

फारसा आवाज झाला नाही. मग पलीकडून "एत्तु! एत्तु!" असा गलका उठला. उचल, उचल. त्यानं डबा उचलला. का उचलायचा, हे त्याला अजून कळलं नव्हतं. माणसं धावताना दिसली, त्यांच्या मधोमध बालाजीची पाठ दिसली, कुणीतरी डोक्याचा पंचा सोडून त्याच्या हाताला गुंडाळला. बस्स, धनराजनं पाहिलं ते एवढंच. कारण हुकाला डबा लटकत असताना ऑपरेटरनं खुर्ची सोडायची नसते. त्यानं हाका मारून दुसऱ्याकडून गुटका सरळ करून घेतला, डबा नीट टेकवला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. तोवर जीप बिदरच्या रस्त्याला लागली होती. "सख्खा दाजी हाय म्हणं त्याचा, आन ह्यो डबा मांडत बसला," असं कुणीतरी त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालं.

बिदरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट बुडापासून काढलं. चुरा झालेलं जोडता येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी धनराज गेला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिला आणि "जेवायला काय देतेत हितं?" असं विचारलं. स्टुलावर मंजुश्री बसली होती. तिनं भावाकडे एकदा नीट पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही.

धनराजनं त्याचा अर्थ लावला. लावायला काय अवघड होतं? नवऱ्याला कामाला नेलं त्यानं, डबा टाकला त्यानं. बोलेल कशाला? त्याला वाईट वाटलं, आणि बरोबरच आहे असंही वाटलं.

साइटवर समर्थ नावाचे इंजिनिअर होते, बिदरचे. त्यांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं करून काय झालं ते विचारलं. "मी हात सोड म्हणलो की," गुरुपादय्या म्हणाले. "मी सोड ऐकलो," धनराज म्हणाला. समर्थ दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. माणूस समंजस होता, त्यानं कुणावर आरडाओरडा केला नाही. त्यानं सांगितलं की यापुढं क्रेन तोंडी शब्दावर हलणार नाही. खुणा करणारा एकच माणूस असेल, तो ऑपरेटरला दिसेल अशा जागी उभा राहील, आणि ऑपरेटर त्याच्या हाताकडेच बघेल. बोट वर करून फिरवलं की उचलायचं, बोट खाली करून फिरवलं की उतरवायचं, मूठ वळली की जागच्या जागी थांबायचं. आणि 'सोड' हा शब्द साइटवर बंद.

शब्द बंद करणं म्हणजे काय नळ बंद करणं आहे? दोन-चार दिवस सगळे जीभ चावत फिरले. चहाच्या टपरीवर गौरम्मांना कुणीतरी म्हणालं, "अक्का, दूध जरा जास्त सोड," आणि बाकावरचे सगळे एकदम गप्प झाले. गौरम्मांच्या हातातलं भांडं तसंच तिरकं राहिलं. मग एकजण फिसकन हसला, बाकीचे हसले, आणि हळूहळू शब्द परत आला. खुणा मात्र टिकल्या. धनराज आता तोंडाकडे लक्ष देत नव्हता, हाताकडेच बघत होता. गुरुपादय्यांच्या हाताला पाच बोटं होती आणि ती बघायला धनराजला काही जड जात नव्हतं.

जड जात होतं ते हळ्ळीखेडात जायला. साइटपासून गाव हाकेच्या अंतरावर, पण धनराज रोज संध्याकाळी मोटारसायकल काढून थेट आपल्या गावचा, कमलनगरचा रस्ता धरायचा. पंचमीला बहिणीला माहेरी आणायला भावानंच जायचं असतं. त्यानं स्वतः न जाता चुलतभावाला मुराळी म्हणून पाठवलं. मंजुश्री आली नाही. त्याची आई गीताबाई दारात झोका बांधून बसल्या होत्या. त्यांनी तो मुकाट्यानं सोडून ठेवला आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, "तू गेलतास तर आली असती."

मग आईच्या धाकानं तो एकदा गेला. जेवायची वेळ होती. मंजुश्रीनं न बोलता ताट वाढलं. समोर बालाजी डाव्या हातात चमचा धरून वरण-भात खात होता आणि उजवा हात मांडीवर उघडाच ठेवला होता, फडक्यात वगैरे गुंडाळला नव्हता. धनराजनं जेवण संपेपर्यंत ताटातून मान वर काढली नाही. "भाकरी घे की धनराज," बालाजी म्हणाला, तेव्हा त्यानं तशीच खाली मान घालून हात पुढे केला. हात धुतला आणि निघाला. त्याला त्या हाताचं भय वाटत होतं. दुसरं काही नाही, भयच.

पाऊस सरला, तुरी फुलोऱ्याला आल्या, आणि एके दिवशी दुपारच्या सुट्टीत बालाजी साइटवर आला. सगळ्यांनी गराडा घातला, पाठीवर थापा मारल्या. गौरम्मांनी चहा दिला आणि त्यानं तो डाव्या हातानं घेतला. मग सगळ्यांना बाजूला सारून तो हायड्राच्या सावलीत धनराजच्या शेजारी येऊन बसला. उजवा हात गुडघ्यावर ठेवला. धनराज समोरच्या टायरकडे बघू लागला.

"ठेकेदार म्हणायलाय गेटावर बस," बालाजी म्हणाला.

"बरं हाय की मग. सावली हाय, खुर्ची हाय."

"मला खुणा करायच्यात. गुरुपादय्या सोडायलेत की ते काम."

हे खरं होतं. गुरुपादय्या गेले काही दिवस म्हणत होते, मला दोरी धरायला लावा, पट्टे मोजायला लावा, पण मध्ये उभं करू नका. आपल्या तोंडावर आपलाच भरवसा राहिला नाही, असं ते कुणालाही सांगत होते. मोठा करारी माणूस, पण त्या दिवसापासून बोलताना मध्येच अडखळायला लागला होता.

"समर्थ सायेब काय म्हणले?" धनराजनं टायरलाच विचारलं.

"ते म्हणले, धनराज व्हय म्हणला तर माझी ना न्हाई. हात तेला वाचायचाय."

बालाजीनं चहा संपवला, कप खाली ठेवला.

"तुला एक सांगू? मी बी ऐकलतो त्या दिवशी."

"काय?"

"सोड म्हणलेलं."

आता मात्र धनराजची मान वळली, पण हातापर्यंत गेली नाही, बालाजीच्या तोंडाशीच थांबली. "मग हात कामून काढला न्हाई तुमी?"

"मला वाटलं तुलाच म्हणलेत. डबा खाली यायलाय म्हणून गुटका घट धरलो. हलू नये म्हणून." बालाजी थोडं हसला. "तुला वाटलं तुला, मला बी वाटलं तुलाच. ज्याला म्हणलते त्यानं ऐकलंच न्हाई बग."

इतके महिने तो समजत होता की चूक आपल्या एकट्याची. तिच्यात वाटेकरी निघाला तर माणसाला हलकं वाटायला हवं. त्याला उलट जड वाटलं. दाजीनं हात मागे घेतला नाही तो विसरला म्हणून नाही, धनराजचं काम नीट व्हावं म्हणून.

"गेटावर बसा की दाजी," तो म्हणाला.

"गेटावर बसलो की येणारा जाणारा हात बघतंय आन चुकचुकतंय. हितं हाताकडं बघायचंच काम हाय. कुणी बघितलं तर बिघडलं कुटं?"

"डाव्या हातानं करा मग खुणा."

"करून बघितलो. म्हशीसमोर उभारून रोज करायलाव. निवांत असलं तर डावा चालतोय. घाई झाली की उजवाच वर जातोय." त्यानं उजवा हात उचलल्याचं धनराजला जाणवलं, पण त्यानं नजर पुन्हा टायरवर नेली. "घाईत जो हात वर जातोय तोच तुला कळायला पायजे."

"उद्या बघू," एवढंच धनराज म्हणाला आणि ग्रीसचा डबा शोधायच्या निमित्तानं उठला.

तासाभरानं फोन वाजला. मंजुश्रीचं नाव बघून त्याच्या हातून ग्रीसचं फडकं पडलं.

"अण्णा."

किती महिन्यांनी ऐकली होती ही हाक.

"हे आलते व्हय तिकडं?"

"आलते की."

"तू न्हाई म्हण," ती म्हणाली. "तू न्हाई म्हणलास की गपचिप गेटावर बसतेल. माझं ऐकंना गेलेत. पुन्हा त्या डब्यापशी उभारलेले मला बघवत न्हाई. एवढं एक कर माझं."

"बरं," धनराज म्हणाला.

त्यानं फोन ठेवला. मनातून खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. बहीण बोलली होती, तिनं काहीतरी मागितलं होतं, आणि ते देणं त्याच्या हातात होतं. शिवाय त्या हाताकडे बघायचीही गरज उरणार नव्हती. एका नकारात दोन्ही कामं होत होती. दाजीचं वाईट वाटेल, पण गेटावर काय वाईट आहे? कितीतरी माणसं जन्मभर गेटावर बसतात.

सकाळी तो ठरवूनच आला. दाजीच्या मानाखातर एक डबा उचलायचा, मग समर्थांना बाजूला घेऊन सांगायचं, जमत नाही साहेब. बालाजी आधीच येऊन उभा होता. केबिनमधून स्वच्छ दिसेल अशा जागी, पाठीमागे सूर्य नाही अशा बेतानं. अंगावर कंपनीचं केशरी जाकीट चढवलं होतं. डब्यापाशी पट्टा अडकवायला अमृतप्पा होता, अफजलपूरकडचा, अलीकडेच आलेला. दोरी धरायला गुरुपादय्या. समर्थ हाताची घडी घालून लांब थांबले होते.

बालाजीनं उजवा हात वर केला. तर्जनी नाही, मधलं नाही. अंगठा आत दुमडून त्यानं उरलेली दोन बोटं वर केली आणि अनामिका करंगळीमागे लपली. लांबून दिसली ती फक्त करंगळी. शाळेत मास्तरांना दाखवतात तशी.

"जा की मग, इचारतोस काय!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले. गुरुपादय्याही हसले, बालाजीही हसला. "हायड्राला लागली आसंल," आणखी एकजण म्हणाला. धनराजला हसू आलं, आणि हसता हसता त्यानं पाहिलं की आपण त्या हाताकडे बघतो आहोत. लगेच नजर काढून घ्यावीशी वाटली. पण हात बोटं फिरवत होता, उचल म्हणत होता, आणि नजर काढली असती तर पुढं काय म्हणतो ते कळलं नसतं. त्यानं लिव्हर ओढली.

डबा ट्रेलरवरून उठला. हात आडवा झाला, धनराजनं क्रेन वळवली. हाताची दोन बोटं खाली वळली, फिरू लागली, धनराजनं हळूहळू उतरवायला सुरुवात केली. बोटं जिथं नव्हती तिथं कातडी गुळगुळीत आणि फिकी होती, शिवणीच्या रेघा होत्या, अंगठा उरलेल्या बोटांपासून लांब एकटा पडल्यासारखा वाटत होता. हात कुरूप झाला होता. सगळं त्याला दिसत होतं. आणि त्याच वेळी बोटं मंद फिरतात की भरभर, हेही दिसत होतं.

डबा गुडघाभर उंचीवर असताना अमृतप्पाला गुटका तिरका दिसला. आणि इतकं होऊनही, 'हात घालू नका' असे इतके बोर्ड लागूनही, त्यानं हात घातला. गुरुपादय्यांनी पाहिलं. समर्थांचा नियम, स्वतःचा निश्चय, सगळं त्या घटकेला विरून गेलं आणि ते लहानपणापासूनच्या भाषेत किंचाळले, "बिडो! बिडो!"

सोड, सोड.

धनराजच्या कानानं ते ऐकलं आणि त्याचा तळवा लिव्हरवर दाबला जाऊ लागला. हाताला सवय असते, तो डोक्याला विचारत नाही. पण डोळे समोर होते. समोर बालाजीचा उजवा हात वर गेला होता आणि मूठ वळली होती. मुठीत काय आहे नि काय नाही, हे लांबून कुठं कळतं? अंगठा होता, दोन बोटं होती, ती तळव्यात घट्ट रुतली होती. मूठ मुठीसारखीच दिसत होती. धनराजनं लिव्हर सोडली. लिव्हर सुटली की माल उतरायचा थांबतो. डबा जागच्या जागी झुलत राहिला.

अमृतप्पानं हात काढून घेतला, पाचही बोटांनिशी. गुरुपादय्या दोरी टाकून मटकन खाली बसले. बालाजी मूठ तशीच वर धरून उभा होता, हलला नाही. दुसऱ्या एकानं काठीनं गुटका सरळ केला. मग कुठं मूठ उघडली, दोन बोटं खाली वळली, आणि डबा टेकला.

समर्थ केबिनपाशी आले. घाम त्यांनाही आला होता. "काय धनराज? तुमी सांगा."

धनराजला बहिणीला दिलेला शब्द आठवत होता. तिच्या आवाजातली 'अण्णा' ही हाक आठवत होती. ती हाक पुन्हा ऐकायला मिळेल की नाही, याची त्याला अजिबात खात्री नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "दाजीच करतेल खुणा. दुसरा कुणी नको मला."

त्या दिवशी उरलेले सगळे डबे त्या दोघांनी उतरवले. करंगळीवरून होणारी थट्टा जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली आणि मग शिळी झाली. काम सुटलं तसा बालाजी घराकडे निघाला. तो पोचायच्या आत आपण सांगायला हवं, दुसऱ्याच्या तोंडून तिला कळू नये, असं धनराजला वाटलं. तो मोटारसायकलवर बसला, किल्ली लावली, फिरवली नाही. फोन लावला.

"मंजू, मी व्हय म्हणलो."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मंजू? ऐकायलीस ना?"

"सोड, अण्णा," ती म्हणाली.

कालचा धनराज असता तर त्यानं याचा अर्थ तिथल्या तिथं लावला असता. माझा नाद सोड, असं म्हणते आहे. बहीण म्हणायचं सोड. त्यानं फोन खिशात टाकला असता, गाडीला किक मारली असती आणि पुढची कितीतरी वर्षं त्या अर्थावर काढली असती. अंगठा लाल बटणापर्यंत गेलाही होता.

"काय सोडू?" त्यानं विचारलं. "नीट सांग मंजू. काय सोडायला सांगायलीस?"

ती रडत होती की रागात होती, हे त्याला कळेना. दोन्ही असावं.

"खाली मान घालून जेवायचं सोड," ती म्हणाली. "डबा तू मुद्दाम टाकलास असं मी कवा म्हणले? दवाखान्यात आलास तर बाटलीकडं बघितलास. घरी आलास तर ताटात बघितलास. हे हात पुढं ठेवून बसलते तुझ्यासाठी, धनराजला एकदा बघू दे म्हणून, आन तू उठून गेलास. एकदा त्या हाताकडं बघितला असतास तर मी कवाच बोलले असते तुला."

रस्त्याच्या कडेला उतरवलेले डबे ओळीनं बसले होते. प्रत्येकाखाली गुटके सरळ होते.

"बघितलो," तो म्हणाला. "आज दिवसभर तेच बघितलो, मंजू."